हेल्प युअरसेल्फ

हिंदी मुलखातल्या आमच्या सुदामा नगरात शेजारी पुण्याहून एक जोडपं राहायला आलं आणि पहिल्याच रविवारी त्यांनी आईला आणि मला जेवायला बोलावलं. टेबलावर सगळं मांडून झाल्यावर शेजारीण म्हणाली, "काकू, हेल्प युअरसेल्फ हं," आणि पुऱ्या तळायला आत गेली.

आईनं संशयानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली गं ही?"

"आपल्या हातानं वाढून घ्या म्हणाली."

"घरी बोलावून असं म्हणतात का? मनातून बोलावलेलं दिसत नाही. रहने दे, हात नको लावूस."

शेजारीण पुऱ्या घेऊन आली, तर आमची ताटं रिकामीच. तिचा चेहरा उतरला. तिनं चाचरत विचारलं, "आमच्या हातचं चालत नाही का तुम्हाला?"

आई चपापली. "अहो, तसं काही नाही! आमच्याकडे पाहुण्यांना वाढतात, एवढंच."

मग शेजारणीनं स्वतः वाढायला घेतलं. आई "बस, बस" म्हणत राहिली, तरी श्रीखंड तीनदा ताटात पडलं. दोघी हसल्या, मलाही हायसं वाटलं.

घरी येताना आई हळूच म्हणाली, "फारच आग्रह करत होती. आपल्याकडे काही काम असेल का तिचं?"