दगड सरकवणारी आमची मेघा

किस्से काही कुणी गोळा करत नाही. घरात एक खेळाडू पोर असली की ते दाराशी चपला साठतात तसे साठतात, आणि येता-जाता पायात येतात. आमची नात मेघा कर्लिंग खेळते. बर्फावर वीस किलोचा दगड सरकवायचा, त्याच्या पुढे दोघींनी ब्रशनं बर्फ घासत पळायचं, आणि दगड रंगवलेल्या गोलात नेऊन थांबवायचा. झाला खेळ! बंगळूरात बर्फ बघायचा तो उसाच्या रसात. पण हिला नेमका हाच खेळ सापडला.

मी निपाणीकडचा. चौथीत शाळा सोडली, बोम्मसंद्र्यात कारखान्यात लेथवर जन्म काढला, आता बसवनगुडीत मुलाकडे असतो. मुलानं, म्हणजे मेघाच्या बापानं, तिला स्पष्ट सांगितलंय, "यंदा राष्ट्रीय शिबिराला निवड झाली तर खेळ. नाहीतर मारतहळ्ळीच्या कंपनीत नोकरीवर हजर व्हायचं." तेव्हापासून पोरीचं जेवणात लक्ष नाही, आणि मला एका जागी बसवत नाही.

*

पहिल्यांदा तिच्यासोबत मॉलमधल्या बर्फावर गेलो, तेव्हा संध्याकाळ होत होती. तिचे कोच देसाई सर पुण्याचे. नोकरीसाठी कॅनडात गेले आणि येताना हा खेळ घेऊन आले. इतर लोक चॉकलेट आणतात!

बघतो तर सर पाठीवर पंप लावून बर्फावर फवारा मारत चाललेले. आम्ही तंबाखूवर औषध मारायचो, अगदी तस्सं.

"काय सर, बर्फाला कीड लागली काय?"

"नाही हो आजोबा. हे थेंब गोठून बारीक दाणे होतात. गुळगुळीत बर्फावर दगड अडकतो, दाण्यावरून पळतो."

मी म्हटलं, "मग आधी गुळगुळीत केला कशाला?"

सर फवारा मारत पार दुसऱ्या टोकाला निघून गेले.

*

रोज बर्फ मिळत नाही. मग मेघा घरातच फरशीवर सराव करते. एक गुडघा वाकवायचा, दुसरा पाय मागे लांब सोडायचा, हातात वाळू भरलेला कुकर, आणि हॉलमधून थेट स्वयंपाकघरात. सूनबाई कढई घेऊन ओट्याला चिकटून उभी!

खालचे कन्नड घरमालक चढून वर आले. "एनू अज्जा, सकाळी सकाळी ग्राइंडर? स्वल्प हळू लावा की."

"ग्राइंडर नव्हे, ऑलिंपिक आहे," मी म्हटलं.

ते म्हणाले, "सरी. चालेल. पण रविवारी नको."

*

मध्येच एक स्थळ आलं. मुलगा नागपूरचा, मारतहळ्ळीत आयटीत. चहा पिऊन झाल्यावर विचारतो, "बेसिकली, याच्यात फ्यूचर काय आहे?"

मेघा म्हणाली, "संध्याकाळी प्रॅक्टिस."

"नाही, म्हणजे पाच वर्षांनी?"

"तेव्हाही संध्याकाळीच असेल. सकाळी बर्फावर स्केटिंगचा क्लास असतो."

बिस्किटं मात्र त्यानं सगळी संपवली!

*

एकदा सरावाचा सामना लांबला. मॉलवाल्यानं दार उघडलं आणि कुठल्याशा पोराची बर्थडे पार्टी आत घुसली. धरून स्केटिंग शिकायला प्लॅस्टिकचे पेंग्विन असतात, ते ढकलत. आमची कॅप्टन कावेरी ओरडतेय, "हार्ड! हार्ड!" म्हणजे जोरात घास. मेघा ब्रश घासतेय. इतक्यात एक पेंग्विन सुटला, दगडाला धडकला आणि गोलाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

सरांनी डोकं खाजवलं. समोरच्या पोरी म्हणाल्या, "सर, पेंग्विन कुणाचा धरायचा?"

बर्थडेवाला पोरगा भोकाड पसरून आला, "नन्नदु! माझाय तो!"

*

आणि मग निवडीचा सामना. जिंकेल ती टीम शिबिराला जाणार. समोर मारतहळ्ळीच्या आयटीतल्या पोरी, त्यांची कॅप्टन निशा. गुण सारखे, शेवटचा दगड आमचा. गोलात त्यांचा एक दगड आधीच बसलेला. ज्याचा दगड मधोमध जास्त जवळ, त्याचा गुण. कावेरीनं दगड सोडला, मेघा पुढे घासत पळाली, आणि दगड गोलाच्या पार मधोमध येऊन थांबला. मी बाकावर चढलो!

तेवढ्यात मेघानं हात वर केला. "माझा ब्रश लागला दगडाला."

या खेळात आपली चूक आपणच सांगायची असते म्हणे. कुणी बघितलं नव्हतं. मी बर्फाभोवतीची काच बडवली, "खाली घे तो हात!" काच जाड.

आता दगड ठेवायचा की काढायचा, हे समोरच्या कॅप्टननं ठरवायचं. निशा वाकली, बघितलं, म्हणाली, "सॉरी हं," आणि पायानं दगड बाहेर सारला. हरलो!

वर आणखी रीत अशी, की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना कॉफी पाजायची. मी घेणार नव्हतो. अर्धीच घेतली. तिथंच निशा म्हणाली, "शिबिराला आम्हाला चौघींबरोबर पाचवी राखीव लागते. मेघा, येतेस? निवडवाल्यांना विचारलंय मी, ते हो म्हणालेत."

मेघानं कावेरीकडे बघितलं. कावेरीनं कप ठेवला आणि तडक निघून गेली.

घरी मेघाचा बाप म्हणाला, "निवड झाली ना? मग जा." मेघा म्हणे, "कावेरी फोन उचलत नाही. मी नाही जात." जायचा दिवस येईपर्यंत घरात हेच. मी नुसता खोलीतून खोलीत फिरत होतो.

निघायच्या सकाळी रिक्षा दारात, बॅगा आत टाकलेल्या, आणि मेघा अजून पायरीवर बसलेली. तेवढ्यात कावेरीची स्कूटर आली. हेल्मेटसुद्धा काढलं नाही पोरीनं. पोर कन्नड, पण मेघाच्या सोबतीनं मराठी पक्की झालेली. खांद्यावरचा स्वतःचा ब्रश काढून तिनं मेघाच्या मांडीवर ठेवला.

"हा घे. तुझ्याचं कापड झिजलंय."

मेघा ब्रश घेऊन पायरीवरून उठली. मी म्हटलं, "अगं, आत ये, स्वल्प कॉफी तरी घे."

"नको अज्जा." स्कूटर सुरू केली, वळवली, आणि जाता जाता मान मागे करून ओरडली, "आणि मेघा, तिकडं हात वर करू नकोस, दोन्ही ब्रशवरच ठेव हं!"