वेशीवरचा फळा आणि गोरखचा कॅमेरा

माणसाच्या अंतःकरणात देव राहतो, हे संतांनी सांगितले आणि आपण टाळ्या वाजवून मान्य केले. पण त्याच अंतःकरणात, देवाच्या भिंतीला भिंत लावून, मत्सरही राहतो. तो गोंगाट करीत नाही. दिवस बरे असतात तोवर त्याच्या खोलीचे दार लोटलेलेच असते. टाकळवाडीच्या गहिनीनाथ दरंदले यांचे ते दार १९९७ सालच्या कार्तिकात उघडले, आणि दत्तजयंतीच्या सप्ताहापर्यंत ते वाऱ्यावर आपटत राहिले.

टाकळवाडी केडगावच्या पलीकडे, पुणे रस्त्यापासून मैलभर आत. वेशीत शिरताना डाव्या हाताला ग्रामपंचायतीची भिंत आणि त्या भिंतीत सिमेंटचा काळा फळा. त्या फळ्यावर अठरा वर्षे, रोज पहाटे, गहिनीनाथांनी गाव लिहिले. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजण्याचे त्यांचे काम होते. केंद्र सहाला उघडे आणि साडेपाचला फळा पुरा होई. ओल्या फडक्याने आधी कालचा दिवस पुसायचा, मग मध्यभागी 'श्री' काढायचा, तिथी लिहायची आणि खाली बातम्या. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणी डोळे मिटले, नगरच्या बाजारात तुरीने काय भाव घेतला, तलाठी कोणत्या वारी येणार, कोणाची शेळी हरवली आणि ती कोणाच्या गोठ्यात निघाली. दुधाच्या रांगेत उभे राहणारे गाव संध्याकाळी बोलत असे. गहिनीनाथ ते ऐकत, दोघातिघांकडून खात्री करून घेत, आणि मगच खडू उचलत. अठरा वर्षांत त्या फळ्यावर एक अक्षर खोटे उमटले नव्हते. हेच त्यांचे दान, हीच त्यांची पूजा, आणि खरे सांगायचे तर हाच त्यांचा अभिमान.

फळ्याची ही कल्पना पुंजारामबाबांची. दत्तमंदिरात चाळीस वर्षे वीणा उभी ठेवणारे ते थोर वारकरी. "देवानं तुला मोत्यावानी अक्षर दिलं, गहिन्या, ते वहीत कोंडून ठिवू नको," असे सांगून त्यांनीच पहिला खडू हाती दिला होता. आता दोन वर्षे बाबा अर्धांगाने खाटेवर होते, आणि दोन वर्षांत देवळातले कीर्तन त्यांच्या कानी पडले नव्हते.

त्या कार्तिकात गोरक्षनाथ पानसंबळने, म्हणजे गावाच्या गोरखने, नवे खूळ काढले. लग्नाच्या वराती चित्रित करणारा हा तरुण. छपरावर भली मोठी ताटली बसवून त्याने एकशे दहा घरांत केबल नेली होती. आता म्हणाला, मुंबई-दिल्लीचे रोज पाहता, आपले गाव का पाहू नये? आणि दुकानाच्या दारात कॅमेरा उभा करून, त्याची वायर थेट आपल्या यंत्रात खुपसून, त्याने समोरचा रस्ता गावभर दाखवला. जसा घडतो तसा, घडतो त्या क्षणी.

पहिल्या दिवशी त्या रस्त्यावरून गहिनीनाथांची म्हैस चालली होती. लोक घराबाहेर धावले, म्हैस खरोखरच तिथे आहे याची खात्री करून घेतली, आणि उलट पावली आत पळाले, ती टीव्हीत अजून आहे का ते पाहायला. दोन्हीकडे एकच म्हैस! केवढे ते नवल! दूध सोसायटीचे भिमाजी चेअरमन तर तीनदा आत-बाहेर झाले आणि उंबऱ्याला ठेचकाळले.

"आवो, आपली म्हैस आली टीव्हीत!" चांगुणाबाईंनी नवऱ्याला हाक मारली. "कशी डौलात चाललीया बघा तरी!"

"रोज बघतो मी तिला," गहिनीनाथ म्हणाले, आणि वैरण टाकायच्या निमित्ताने गोठ्यात गेले. तिथे दावे मोकळे होते. म्हैस अजून गाव गाजवीत होती.

मग हे रोजचेच झाले. गोरख खांद्यावर कॅमेरा घेऊन निघे, मागे काळ्या वायरीचे वेटोळे उलगडत जाई. दोनशे फुटांवर वायर संपे आणि तिथे गोरखचे जग संपे; म्हणून तो नगरहून आणखी वायर आणी, आणि जग आणखी दोनशे फूट लांबे. 'आज गावात' असे त्याने कार्यक्रमाला नाव दिले. हे नाव ऐकून गहिनीनाथांनी अर्धे जेवलेले ताट बाजूला सारले. गावात आज काय, हे अठरा वर्षे कोण सांगत होते?

एका सकाळी त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले : 'सूर्यभान लोंढे यांच्या विहिरीस पाणी लागले.' खुद्द सूर्यभान किटली घेऊन फळ्यासमोर थांबले आणि हसले.

"नाना, ते पानी काल सांजच्याला समद्या गावानं पायलं की! गोरखनं कॅमेरा पार आत सोडला हुता. तुमची बातमी शिळी झाली."

शिळी! भाकरी शिळी झाली तर कुस्करून खाता येते. बातमी शिळी झाली तर तिचे काय करावे? त्या दिवशी फॅटच्या नळ्या धुताना गहिनीनाथांच्या हातून दोन नळ्या फुटल्या. मत्सराचे असेच असते. तो समोरच्याचे काही मोडत नाही, आधी आपल्याच हातातले फोडतो.

पण गहिनीनाथही मुकाट बसणारे नव्हते. वायर जिथे पोचत नाही तिथे आपण जाऊ, असे त्यांनी मनाशी धरले. सुताराकडून लाकडी फळी करून घेतली, काळी रंगवली, सायकलच्या कॅरिअरवर उभी बांधली आणि मळ्यामळ्यांतून, वस्तीवस्तीवर फिरता फळा सुरू केला. जाईल तिथली बातमी तिथेच लिहायची आणि पुढच्या वस्तीला वाचायला न्यायची. कल्पना खरोखर उत्तम होती. दोष होता तो वाऱ्याचा. वारा फळीत भरला की सायकल मालकाचे न ऐकता बांधाकडे वळे. उसाच्या ट्रकमागून गेले की अक्षरांवर धुळीचा थर बसे. आणि लांबच्या वस्तीवर एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरून विचारले, "दादा, उंदराचं औषद हाय का तुमच्याकडं?"

आठव्या दिवशी फळी गोठ्यात गेली आणि म्हशीला अडवायची आडवण झाली. गोरखला हे कळले तेव्हा तो हसला नाही. "नाना, डोकं लई भारी चालवलं तुमी," म्हणाला. गहिनीनाथांना तेही टोचले. त्याने चेष्टा केली असती तर बरे वाटले असते.

मार्गशीर्ष उजाडला, सप्ताह बसला. सात दिवस नाम चालले. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन. गोरखने उसनवारीने वायर जमवून देवळापर्यंत पोचवली आणि जाहीर केले की काल्याचे कीर्तन घरोघरी दिसेल. आदल्या संध्याकाळी तो स्वतः दूध केंद्रावर आला.

"नाना, तेवढं उद्याच्या फळ्यावर लिवा ना. धा वाजता थेट प्रक्षेपन."

"तुझा टीव्ही हाय की सांगायला."

"टीव्हीवर सांगून काय उपेग? लोक म्हनत्यात, गोरख्या काय बी सांगतो. तुमी लिवलं म्हंजी मानत्यात."

शब्द सरळ होते, भाव सरळ होता. पण मत्सराच्या कानाला सरळ काही ऐकूच येत नाही. गहिनीनाथांना वाटले, हा पोर आपल्याला आता दवंडीवाला करतो आहे.

"लिवतो," ते म्हणाले.

पहाटे त्यांनी फळा पुसला. 'श्री' काढला. तिथी लिहिली. मग खडू फळ्याला टेकवून ते बराच वेळ उभे राहिले. थंडीने बोटे आखडली होती असे म्हणावे, तर नंतरची ओळ किती सुंदर आली होती! एकही काना वाकडा नाही, एकही वेलांटी थरथरलेली नाही : 'तांत्रिक अडचणीमुळे काल्याच्या कीर्तनाचे थेट प्रक्षेपण रद्द.'

दहा वाजता देऊळ भरले. सभामंडप भरला, ओटा भरला, पिंपळाखालचे पटांगण भरले. नेवाशाकडचे महाराज उभे राहिले, टाळकऱ्यांनी रिंगण धरले, मृदंग घुमला. गोरख लाकडी चौरंगावर उभा राहून, डोळा कॅमेऱ्याला लावून, आपल्या एकशे दहा घरांना भक्तिभावाने कीर्तन दाखवीत होता. आणि खांबाला टेकून बसलेले गहिनीनाथ दाराकडे पाहत माणसे मोजीत होते. दोनशे. अडीचशे. बाया धरून तीनशे चाळीस. जो जो माणूस दारातून आत येई, तो तो त्यांना आपल्या बाजूचा वाटे. महाराज हसवीत होते, गाव हसत होते; महाराज रडवीत होते, गाव रडत होते; गहिनीनाथ मोजीत होते. काला झाला, हंडी फुटली, दही-लाह्यांनी हात भरले.

प्रसाद घेऊन ते पायऱ्या उतरतात तोच गोरख समोर आला. चेहरा उतरलेला.

"नाना, रद्द म्हनून कोनी सांगितलं तुमाला?"

"ऐकलं मी... असंच."

"कोन मुडद्यानं फसवलं तुमाला? एका घरात टीव्ही लागला न्हाई वो! भिमाजी चेअरमनला इचारलं, तर म्हनले, फळ्यावर हाय म्हनल्यावर बटन कशाला दाबायचं? समदा गाव हेच म्हनतोय. मी दोन तास रिकाम्या घरांना कीर्तन दावलं."

गहिनीनाथ तिथेच उभे राहिले. ज्या फळ्याला कोणी विचारत नाही म्हणून दीड महिना जीव जळत होता, त्या फळ्याच्या एका ओळीने एकशे दहा घरांतले टीव्ही बंद ठेवले होते. लोक वाचत होते. रोज वाचत होते. वाचून विश्वास ठेवीत होते. आणि हे त्यांना कळले ते कधी, तर त्या विश्वासाला चूड लावल्यावर. गोरखने त्यांच्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता.

प्रसादाचा द्रोण घेऊन ते पुंजारामबाबांकडे गेले. बाबांची पत्नी छबूबाई दारातच भेटल्या.

"या नाना. पहाटंच उठून बसले हुते. आंघूळ घालून घेतली, धोतर-टोपी, बुक्का. टीव्हीकडं तोंड करून लोड लावून बसवलं. मग मी फळा वाचून आले. म्हनलं, बंद हाय आज. तरी लावून बघू का म्हनलं, तर म्हनाले, गहिन्यानं लिवलंय ना, मग न्हाईच. तू तरी जा देवळात."

आत बाबा लोडाला टेकून होते. टोपी अजून डोक्यावर, बुक्का अजून कपाळावर.

"ये. बैस हितं." अर्ध्या ओठातून शब्द निघत होते, पण डोळे पूर्ण जागे होते. "आता तूच सांग. महाराजांनी अभंग कोनता घेतला?"

गहिनीनाथांनी तोंड उघडले. ओठांवर आला तो तीनशे चाळीसचा आकडा.

"दृष्टान्त तरी सांग एखादा."

द्रोणातल्या लाह्या भिजून मऊ पडल्या होत्या. गहिनीनाथांनी त्यांच्याकडे पाहिले, मग बाबांच्या टोपीकडे पाहिले, आणि अठरा वर्षांचा अभिमान खाटेच्या पायाशी ठेवला.

"बाबा, मी कीर्तन ऐकलं न्हाई. मानसं मोजीत हुतो. आन् रद्दबिद्द काय नव्हतं. ते मीच रचून लिवलं. त्या पोराचा हेवा आला मला."

छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. बाबांनी डोळे मिटले. रागवले असते तर गहिनीनाथांनी पाय धरले असते. पण बाबा रागवले नाहीत, आणि धरायला काहीच उरले नाही. डोळे न उघडताच ते म्हणाले, "गोरखकडं कॅसेट असंल. जाऊन माग."

जा आणि माग. केवढी ही शिक्षा! हजार लोकांसमोर नाक घासणे याहून सोपे. गोरख दुकानात वायर गुंडाळीत बसला होता. गहिनीनाथांनी उंबऱ्यात उभे राहून सगळे सांगितले, एकही शब्द न झाकता. गोरख ऐकत गेला आणि वायर गुंडाळायची थांबली.

"तुमी? नाना, तुमी?" तो उठला. "अवो, महिनाभर वायर वडून खांदा सोलला माझा! लोकाच्या दारात भीक मागितल्यावानी वायर मागत हिंडलो. आन् मी कोनाकडं आलो, तर तुमच्याकडंच! शिव्या द्यायच्या म्हनलं तरी तोंड उचलंना तुमच्यापुढं."

"दे शिव्या. मग कॅसेट दे. बाबांसाठी."

गोरखने शिव्या दिल्या. चांगल्या मोकळ्या आवाजात दिल्या. समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकत राहिला. मग त्याने व्हीसीआर चादरीत बांधला. "चला. तुमाला जोडता यायचा न्हाई."

दिवेलागणीला बाबांच्या घरात कीर्तन सुरू झाले. महाराज उभे राहिले, मृदंग घुमला, आणि बाबांचा चांगला डावा हात खाटेच्या पट्टीवर ठेका धरू लागला. मध्येच कॅमेरा श्रोत्यांवरून फिरला. शेकडो चेहरे महाराजांकडे, आणि खांबापाशी एकच चेहरा दाराकडे. ओठ हलताहेत, बोटे मिटताहेत. स्वतःच्या मत्सराचे दर्शन फार थोड्यांना घडते. गहिनीनाथांना ते रंगीत घडले. गोरखने कॅसेट पुढे ढकलायला हात नेला.

"ऱ्हाऊ दे," गहिनीनाथ म्हणाले. आणि त्या दिवशीचे काल्याचे कीर्तन त्यांनी सूर्य मावळल्यावर प्रथम ऐकले.

दुसऱ्या पहाटे फळ्यावर एकच बातमी होती : 'कालची प्रक्षेपण रद्दची बातमी खोटी. ती मी हेव्यापोटी लिहिली. गहिनीनाथ दरंदले.' किटल्या घेऊन येणारे थांबू लागले. कोणी खाकरले, कोणी वळून पाहिले, सूर्यभान मात्र दोनदा वाचून म्हणाले, "नाना, आता तुमच्यावर इस्वास कसा ठिवावा?"

तेवढ्यात गोरख कॅमेरा घेऊन आला, मागे वायर.

"नाना, समदा गाव वेशीवर येत न्हाई. हे घरोघर दावू का? तुमी न्हाई म्हनलात, तर न्हाई."

गहिनीनाथांच्या छातीत जुनी कळ पुन्हा उठली. ती गेली नव्हती. अशी एका दिवसात ती जातही नाही. त्यांनी हातावरची खडूची भुकटी झटकली आणि फळ्यासमोरून बाजूला झाले.

"दाव," ते म्हणाले. "पर जरा जवळ ये. लांबून अक्षर नीट दिसायचं न्हाई."