समीक्षा माऊस का धरत नव्हती

तिरोड्यात तहसीलसमोर गुड्डूभाऊचं टायपिंगचं दुकान होतं. २००९ साली समीक्षा रामटेके तिथे कामाला लागली. काम तिला आवडायचं, पण माऊसची किळस यायची. गुड्डूभाऊ दिवसभर प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, तोंडात भरून बोटं चाटायचा आणि त्याच बोटांनी माऊस धरायचा. माऊस चिकट झाला होता. कीबोर्डला मात्र तो हात लावत नसे; टायपिंग समीक्षाच करायची. साबणाने तीनदा हात धुतले तरी वास जात नसे आणि समीक्षाला डब्यातला घास गिळवत नसे.

मग तिने एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात आपण ठरवू ती कीबोर्डवरची बटणं दाबली की हवा तो प्रोग्राम उघडायचा. आठवडाभरात तिने माऊसला हात लावणंच सोडलं.

"काऊन समीक्षा, माऊस बिगडला का?" गुड्डूभाऊने विचारलं.

"नाही जी. आता सारं बटणांवरच उघडते."

"अरे वा! मले बी शिकव!" म्हणत त्याने ओली, तपकिरी बोटं थेट कीबोर्डवर ठेवली. सुपारीचा चुरा बटणांच्या फटीत पडला. समीक्षाने खुर्ची मागे सरकवली.

"भाऊ, पहिले हात धुऊन या. नाही तं मी चालली."

बाकावरची गिऱ्हाइकं बघत होती. गुड्डूभाऊ हसला, पण दुसरं कोणीच हसलं नाही. तो उठून नळावर गेला.

चार दिवस त्याने हात धुतले. पाचव्या दिवशी बटणांवर पुन्हा ओला डाग दिसला, तेव्हा समीक्षाने डबा उचलला आणि शेजारच्या टायपिंगच्या दुकानात काम धरलं. तिथला मालक नुसता चहा प्यायचा.