प्रॉक्सी सर्व्हर आणि भूगोलाचे सर

सुपारीच्या वाडीत सकाळी गेलं की खाली सुपाऱ्या पडलेल्या दिसतात. कोणी मुद्दाम टाकत नाही. आमच्या श्रीवर्धनच्या कॉलेजातले किस्से असेच साठतात.

मी भूगोल शिकवतो. संगणक कक्ष माझ्या पत्नीचा, उषाचा. तिने भांडून ती खोली मिळवली, प्रॉक्सी सर्व्हर बसवला. ती आजारपणात गेली आणि चावी माझ्याकडे आली. कॉलेजचं सगळं इंटरनेट या सर्व्हरमधून येतं. एकदा उघडलेलं पान तो मेमरीत ठेवतो आणि पुढच्याला तिथूनच देतो. मेमरी भरली की सगळंच ठप्प!

प्राचार्यांनी बजावलं होतं, "परीक्षेचे फॉर्म भरताना हा बंद पडला, तर खोली जिमखान्याला. कॅरम हँग होत नाही!"

*

जादा मेमरीसाठी मी अर्ज केला. प्राचार्य भडकले. "प्रॉक्सी? खोटी हजेरी लावायला आता मशीन?"

"तसं नाही साहेब. मुलं वेबसाइटकडे स्वतः जात नाहीत. त्यांच्या वतीने हा जातो."

"मग मी वेगळं काय म्हणतोय?"

*

आमचे शिपाई तुकारामभाऊ एकदा ब्राह्मीच्या तेलाची बाटली घेऊन आले.

"भाऊ, मशीनला तेल नाही चालत."

"मशीनला न्हाय, सर. तुमालाच हाय. मेमरी कमी पडतीय म्हणून तुमीच वरडत होतात ना!"

*

मेमरी मिळाली नाही. मग होती ती सगळी मी पानं साठवायला देऊन टाकली. सर्व्हर तासाभरात मेला. नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या समीरला, उषाच्या जुन्या विद्यार्थ्याला, फोन लावला.

"सगळी दिली? सर, वो खुद क्या खाएगा? पाहुण्यांना सगळा भात वाढलात, घरचे उपाशी!"

त्याने सांगितलं तसं केलं. साठवणीला थोडीच मेमरी, मोठे व्हिडिओ बाहेर.

*

तरी मराठीच्या गुरव मॅडम चिडल्याच. खाडीपलीकडच्या आगरदांड्याला जायला त्यांनी फेरीबोटीचं वेळापत्रक पाहिलं. सर्व्हरने साठवलेलं जुनंच दाखवलं. मॅडम दिघीच्या जेट्टीवर उन्हात बसून राहिल्या.

"सर, तुमच्या सर्व्हरची बोट वेळेवर सुटली हो! माझीच आली नाही."

*

फॉर्मचा शेवटचा दिवस. खोली मुलांनी गच्च भरलेली आणि प्राचार्य स्वतः माझ्या पाठीमागे उभे. मेमरी भरत चालली होती.

आणि सगळं थांबलं.

पण या वेळी सर्व्हर मेला नाही. हातातली कामं उरकेपर्यंत नवीन कोणाला आत घेईना, एवढंच. सगळ्या पडद्यांवर एक पान आलं. मी ते कधीच पाहिलं नव्हतं.

"गर्दी झाली आहे. पाच मिनिटं बाहेर फिरून या, तोवर सुरू होईल. प्राचार्यांना सांगू नका. - उषा मॅडम"

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचलं.

"मला कोणी काही सांगितलेलं नाही," ते म्हणाले, आणि पाच मिनिटं बाहेर फिरायला गेले.