टेकडीतली ऊब

यवतमाळहून घाटंजीकडे जाताना, शहराबाहेर, मातीनं झाकलेला, टेकडीसारखा जुना कचराडेपो लागतो. तिथल्या मातीतून मिथेन वायू किती बाहेर पडतो, हे मोजायला मी हिवाळाभर जात होते. त्या टेकडीवर शेळ्या चारणारी एक म्हातारी रोज दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. शेळ्या सगळीकडे हिंडत, ती मात्र एकाच जागी चपला काढून बसे.

एका सकाळी तिनं विचारलं, "मॅडम, एवढ्या थंडीत इथली माती गरम काहून हाय?"

"मावशी, खाली कचरा सडतो, त्याचा वायू वर येतो. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, ते तो वायू खातात. त्यांच्या खाण्यानं ऊब येते."

तिनं बसल्या जागची माती तळव्यानं चाचपली.

"माहा मानूस इथंच कचरा वेचे. ढीग घसरला अन् त्यात गेला. लय खोदलं, पन सापडला नाही. मंग वरून माती टाकली." तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्याचा बी वायू झाला असन ना?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण माझी मान होकारार्थी हलली.

तिचा चेहरा उजळला. "म्हंजे हे त्याचीच ऊब हाय." तिनं माझा हात धरून मातीवर टेकवला. "पाहा, अजून येऊन राह्यली."

माती ताप आलेल्या कपाळासारखी लागत होती. माझा मिथेनचा मीटर शून्य दाखवत होता. वर येणारं सगळं आमच्या तळव्यांखालीच खाल्लं जात होतं. मला हात ओढून घ्यायचा होता. तिनं तो सोडला नाही, आणि थोड्या वेळानं मीही ओढायची थांबले.