जाऊबाईंसाठी एक शहर

अमेरिकेतली चार शहरं पाहून आले, त्याला आता वर्ष होऊन गेलं. आल्यावर गल्लीतल्या बायकांनी विचारलं, नात्यातल्यांनी विचारलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "चांगलं होतं." चार माणसांत बोलायची वेळ आली की मला शब्द सापडत नाहीत. शाळा चौथीत सुटली, पण वाचायची आणि लिहायची आवड तेवढी राहिली. तिकडे मुलीने मला एक वही आणून दिली होती, तिच्यात रोज काही ना काही लिहीत गेले. जे कोणाला सांगितलं नाही ते सगळं तिच्यात आहे.

ती वही पुन्हा उघडायला लागली ती माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे. जाऊबाई सौंसरला राहतात, मी पांढुर्ण्याला. महिन्यातून एखाद्या शनिवारी दोघी आपापल्या बसने जामसांवलीला येतो, मारुतीचं दर्शन घेतो आणि मग सावलीत बसून घरून आणलेलं खातो. आमची भेट म्हणजे तीच. बोलायचं काम त्यांचं, ऐकायचं माझं. लग्न होऊन आले तेव्हापासून असंच चाललं आहे.

त्या शनिवारी त्यांनी डबा उघडायच्या आधीच सुरुवात केली.

"पोट्ट्यानं अमेरिकेचं तिकीट पाठवलं. दोन महिने राहाचं हाये. पण त्याले सुट्टी भेटून राहिली पाचच दिवसांची. म्हणते, आई, एक शहर सांग, थेच दाखवतो. आता मले काय माहीत बाप्पा कोणतं सांगाव? मले नागपूर अन् छिंदवाडा, दोनच माहीत."

"मग मी काय सांगू, बाई?"

"तू नाही तं कोण सांगन? चार-चार शहरं फिरून आली अन् मूग गिळून बसली. लोकं छिंदवाड्याले जाऊन येते तं आठ दिवस पुरवून पुरवून सांगते."

मी हसले. त्या मात्र हसल्या नाहीत.

"हसू नको वं. सत्तरीची झाली मी. गुडघे हे असे. पुन्हा काही माह्यानं जाणं होत नाही. सहा वर्षांनी पोट्ट्याले पाहून राहिली. पाच दिवस भेटून राहिले, थे वाया नाही गेले पायजे. पुढच्या शनवारी सांगजो. चुकीचं सांगितलं तं तुह्याच नावानं खडे फोडीन."

परत येताना बसमध्ये मी त्यांचं बोलणंच मनात उगाळत होते. माझ्या सांगण्यावरून आजवर कोणी भाजीतलं मीठही कमी-जास्त केलेलं नाही. आणि आता एका आईचे पाच दिवस माझ्या हातात आले होते.

घरी येऊन वही काढली.

पहिलं पान न्यूयॉर्कचं. माझी मुलगी ओहायो राज्यात कोलंबस नावाच्या गावी नोकरी करते. तिथून आम्ही न्यूयॉर्कला विमानाने गेलो. वहीत लिहिलं होतं, "मान दुखली." खरंच, ते शहर वर मान करूनच पाहायचं आहे. इमारतींच्या मध्ये आकाशाची नुसती पट्टी दिसते. जमिनीखालून गाड्या चालतात. त्यांच्यापर्यंत उतरायचे जिने आणि पुन्हा वर यायचे जिने मी मोजायचे सोडून दिले. लिफ्ट काही ठिकाणी होती, काही ठिकाणी बंद होती. एका बोटीतून समुद्रातला मोठा पुतळा पाहिला, तेव्हा वारा लागला आणि बरं वाटलं. तिथलं मला सगळ्यात काय आवडलं म्हणाल तर कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी साडीवर पांढरे बूट घातले होते आणि मला वाटत होतं सगळं गाव हसेल. पण तिथे प्रत्येक माणूस काही तरी वेगळंच घालून फिरतो. माझ्यासारख्या लाजऱ्या बाईला त्या गर्दीसारखी लपायला चांगली जागा नाही. पण जाऊबाईंना लपायचं नव्हतं. त्यांना बसायला जागा लागेल, आणि न्यूयॉर्कमध्ये सगळा जीव चालण्यात जातो.

दुसरं पान वॉशिंग्टनचं. न्यूयॉर्कहून आम्ही रेल्वेने तिथे गेलो. ते शहर सपाट आणि मोकळं आहे. इमारती पांढऱ्या आणि ठेंगण्या. मधोमध लांबच लांब गवत आणि दोन्ही बाजूंना मोठी मोठी संग्रहालयं, कोणीही आत जावं. आत गारवा, बसायला बाकं, आणि चालवत नसेल त्याला चाकाची खुर्ची. एका ठिकाणी चंद्रावरून आणलेल्या दगडाला हात लावू देतात. मी लावला. लोकांच्या बोटांनी तो इतका गुळगुळीत झाला आहे की आपल्या घरच्या पाट्यासारखा लागला. मी मुलीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुला चंद्रावरही चटणीच सुचते." मी वहीत लिहिलं होतं, "म्हाताऱ्या माणसाला हे शहर सोपं."

तिसरं पान सॅन फ्रान्सिस्कोचं. ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, पाच तास विमानात बसावं लागलं. जुलै महिना होता आणि मी मुलीचा स्वेटर घालून वरून शाल गुंडाळली होती. तिथला लाल पूल पाहायला आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तो धुक्यात होता, खालचे पाय तेवढे दिसले. मुलगी हिरमुसली. मला मात्र वाईट वाटलं नाही, कारण तसलं धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते समुद्रावरून चालत येतं आणि रस्त्यात शिरतं. पण रस्ते असे उभे की घरं एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी वाटतात. चढताना धाप लागते, उतरताना गुडघे बोलतात. त्या पानावर मी आता पेनाने फुली मारली.

मग शिकागो. मला आठवत होतं की शिकागोवर मी खूप लिहिलं आहे. पण वाचायला घेतलं तर शहरावर जेमतेम पानभर. तलाव समुद्राएवढा आहे, बोट बुडवून जिभेला लावलं तर पाणी गोड निघालं. एक मोठा चकचकीत स्टीलचा वालाचा दाणा आहे, त्यात आपण वाकडे दिसतो. नदीवरचे पूल मधून उघडतात आणि बोट गेली की पुन्हा जुळतात. आमच्या पांढुर्णा आणि सावरगावच्या मधली जाम नदी, जिच्या दोन काठांवरून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांना दगड मारतात, ती त्या दिवशी खूप आठवली. एवढंच. त्याच्यापुढची सहा पानं शिकागोची नव्हतीच. ती परतीच्या रस्त्याची होती.

शिकागोला आम्ही मुलीच्या गाडीने गेलो होतो. सहा तासांचा रस्ता. उतरलो होतो एका म्हाताऱ्या बाईच्या घरी. ती वरची खोली पाहुण्यांना द्यायची आणि स्वतः खाली एकटी राहायची. पहिल्या सकाळी फिरायला निघालो तेव्हा मुलगी आधीच गाडीत जाऊन बसली. दारात म्हातारी उभी होती. काही न बोलता निघणं मला बरं दिसेना. आपल्याकडे निघताना कोणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात. मी मनातल्या मनात त्याचं इंग्रजी केलं, हात जोडले आणि म्हणाले, "आय कम." कोणी न सांगता मी बोललेलं ते पहिलं इंग्रजी. मला इतका आनंद झाला की दिवसभर तलावाकाठी मी तेच घोळवत होते.

संध्याकाळी परत आलो तर ओसरीवर टेबल मांडलेलं. दोन कप, किटलीवर टोपी घातलेली, बशीत बिस्किटं. म्हातारी खुर्चीत बसलेली. मुलीने विचारलं तेव्हा कळलं की ती सकाळपासून माझी वाट पाहत होती. बाजारातही गेली नव्हती. ती मुलीला म्हणाली, "तुझी आई म्हणाली मी येते, मग मी चहा केला, दोनदा गरम केला."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलीने तिला समजावून सांगितलं की आमच्याकडे जाणारा माणूस "जातो" म्हणाला तर ते अशुभ, म्हणून तो "येतो" म्हणतो. म्हातारी हसता हसता डोळे पुसायला लागली. मग नव्याने चहा केला आणि मला शेजारी बसवून पाजला. पुढे रोज सकाळी आम्ही निघालो की तीच दारातून ओरडायची, "यू कम!"

परत निघालो त्या दिवशी गाडीत बसल्यावर मुलीला हसू आवरेना. आणि हसता हसता ती बोलायला लागली. म्हणाली, "आई, पहिल्या वर्षी मी पण असंच करत होते. ऑफिसातून निघताना म्हणायची, आय विल कम. लोक थांबून राहायचे." मग त्या पहिल्या वर्षाचं सगळं निघालं. कशी ती पहिल्या थंडीत तीन दिवस तापाने पडली होती आणि मला फोनवर सांगत होती की बाहेर जेवायला आले आहे. कशी फोनवर मला विचारून दशम्या केल्या, त्या दगडासारख्या झाल्या आणि तरी खाल्ल्या. कोणाशी तिचं बोलणं चाललं होतं, ते का मोडलं. हे मला काही माहीत नव्हतं. फोनवर आमचं नेहमी ठरलेलं बोलणं, जेवली का, झोपली का. समोरासमोर बसलं तरी ती माझ्यासारखीच गप्प. पण गाडीत दोघींचं तोंड रस्त्याकडे होतं. एकमेकींकडे पाहावं लागत नव्हतं. मग मीही बोलले. तिचे बाबा गेल्यावर मी तिला काय काय सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बाहेर सहा तास मक्याची शेतं पळत होती. मध्ये एकदा थांबून आम्ही गाडीच्या पुढच्या झाकणावर डबा ठेवून दशम्या खाल्ल्या. तिला त्या आता मऊ जमत होत्या.

तिने वर्षभराची सुट्टी साठवून मला चार शहरं दाखवली. तिचे उपकार मोठे आहेत आणि मी तिला नीट सांगितलेही नाहीत. पण वही वाचताना कळलं की तिने मला जे दिलं ते कुठे होतं.

पुढच्या शनिवारी मी जाऊबाईंसाठी कागदावर लिहून नेलं. तोंडाने सांगायला जमलं नसतं.

"वाच मंग," त्या म्हणाल्या. चष्मा विसरल्या होत्या.

मी वाचलं. "वॉशिंग्टनला जा. सपाट आहे, बसायला मिळतं. पण विमानाने जाऊ नका. मुलाच्या गावाहून गाडीने जा. माझी मुलगी म्हणते नऊ तास लागतात."

"नऊ घंटे!" जाऊबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "माह्या गुडघ्याचं लोणचं घालशीन का? विमान काय वाईट हाये?"

"गुडघे दुखले की गाडी थांबवायची, बाई. थोडं फिरायचं, पुन्हा बसायचं."

"मंग तं अकरा घंटे लागन."

"लागू द्या ना."

मग कसं कोण जाणे, मी त्यांना शिकागोच्या परतीच्या रस्त्याचं सांगितलं. सगळं नाही, पण बरंच. मी त्यांच्यापुढे इतका वेळ बोलले आणि त्या ऐकत राहिल्या, असं आमच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

माझं संपल्यावर म्हणाल्या, "सहा वर्षं झाले. जेवली का, गोळी घेतली का, ठेवतो. याच्या पुढे गेला नाही पोट्टा." मग एकदम, "पण त्याले काय सांगीन? विमानाचं भेव वाटते, असं सांगू?"

"सांगा."

"अवं, थो म्हणन, मंग अमेरिकेले का बैलगाडीत बसून आली?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की बाजूला प्रसाद खात बसलेली बाई वळून पाहायला लागली. मग जाऊबाईंनी पदराने तोंड पुसलं. "खरंच सांगतो त्याले. म्हणतो, बाप्पा, मले तुह्या बाजूले बसाचं हाये."

त्या गेल्या. महिनाभर काही कळलं नाही. एक दिवस संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि त्यांचा व्हॉट्सअॅपवर फोन आला. तिकडे सकाळ होती. गाडीचा आवाज येत होता.

"कुठे आहात, बाई?"

"मले काय माहीत? रस्ता हाये, झाडं हाये. दोनदा थांबलो. गुडघ्याचं इचारू नको." मागून त्यांच्या मुलाचा आवाज येत होता, तो काहीतरी सांगत होता आणि मध्येच स्वतःच हसत होता. जाऊबाई घाईघाईने म्हणाल्या, "ठेव वं आता. मंग करतो फोन. हा सांगून राहिला."

पण फोन बंद करायचं बटण त्यांना कधीच सापडत नाही. तो तसाच चालू राहिला. त्यांनी मांडीवर ठेवला असावा, कारण आवाज दबलेला होता. मुलगा सांगत होता, त्याच्या पहिल्या घराचं, आणि जाऊबाई मध्ये मध्ये नुसतं "मंग?" म्हणत होत्या. एकदा म्हणाल्या, "अन् तू मले सांगितलं नाही?"

माझे हात पिठाचे होते. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. मी कोपराने पडद्यावरचं लाल बटण दाबलं.