शेंदूर लागलेला बेडूक

"नमस्कार करू नका. बेडूक आहे तो."

आमच्या बागेतल्या जुन्या कारंज्यापाशी सकाळी कोणी हात जोडले की मागून हा आवाज यायचाच. तुम्हीही पुण्यातल्या बागांमधून फिरत असाल, तर असा एखादा गृहस्थ पाहिला असेल. कानटोपी, पांढरे बूट आणि जगाबद्दल एक कायमची तक्रार. आमच्या बागेतले हे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. देवाधर्माशी उभा दावा. जीव फक्त त्या कारंज्यावर.

कारंजं इंग्रजांच्या काळातलं. मध्ये घडा घेतलेली दगडी बाई, काठावर आ वासलेले चार बेडूक. पाणी कित्येक वर्षं बंद, तरी हे रोज रुमालाने बेडकांची तोंडं पुसायचे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी हे कारंजं उडताना पाहिलं होतं. परत एकदा बघायचंय, एवढंच म्हणायचे आणि लगेच कोणावर तरी खेकसायचे.

मग महापालिकेत ठरलं, कारंजं पाडून तिथे चमचमत्या अक्षरांचा सेल्फी पॉइंट करायचा. हे अधिकाऱ्यांकडे जाऊन वारसा, शिल्पकला, इतिहास सगळं समजावून आले. त्यांनी यांना चहा पाजला आणि पाडायचा दिवस सांगितला.

त्या दिवशी सकाळी एका बेडकाला शेंदूर फासलेला होता. यांची नखं केशरी होती. मी नखांकडे बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "नुसत्या जुन्या दगडाला इथे कोण विचारतो? शेंदूर लागला की ठेकेदारसुद्धा चपला काढतो."

ठेकेदाराने खरंच चपला काढल्या. नारळ फोडला आणि मजूर घेऊन परत गेला.

कारंजं वाचलं. पण बघता बघता बेडकाला चांदीचे डोळे आले, मग स्टीलचं रेलिंग, मग न्हाणीघरातल्या टाइल्स आणि एक पुजारीही. उरलेले तिघे बेडूकच राहिले. त्यांच्या डोक्यावर लोक पिशव्या ठेवायचे. परीक्षेच्या आधी वाघोलीहून इंजिनिअरिंगची मुलं यायला लागली. "काका, चिल. आमची श्रद्धा आहे ना," असं एकाने यांनाच सुनावलं. त्यात यांनी पाणी सोडायचं काढलं, तर शेंदूर धुऊन जाईल म्हणून भक्तांचाच विरोध. शेवटी वैतागून यांनी चारचौघांत सांगून टाकलं की शेंदूर मीच लावलाय. लोक त्यांच्या पाया पडले.

पाणी न बघताच ते गेले. मला फार वाईट वाटलं.

भक्तांना मात्र त्यानंतर सुचलं, आद्य भक्ताच्या स्मरणार्थ देवाला जलाभिषेक करावा. शेंदूर काय, पुन्हा लावता येईल. नळ दुरुस्त झाले. त्या सकाळी त्यांच्या पत्नीला मानाने पुढे उभं केलं आणि पाणी सोडलं. दगडी बाईचा घडा वाहू लागला, तीन बेडकांनी धारा सोडल्या. चौथा कोरडाच. त्याचं तोंड शेंदराने बुजलं होतं. देव रुसलाय, असं पुजारी म्हणाले.

काकूंनी चपलांसकट रेलिंग ओलांडलं, केसातला आकडा काढला आणि बेडकाच्या तोंडात घालून फिरवला. धार सुटली ती थेट त्यांच्या तोंडावर. मागे सगळ्यांचे हात जोडले गेले.

काकू हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. पदराने चेहरा पुसत त्या वळल्या.

"नमस्कार करू नका," त्या म्हणाल्या. "बेडूक आहे तो."